इंग्रजी ऐकायला माणूस हवा

आमच्या गावात इंग्रजीला तोटा नाही. खताच्या गोणीवर इंग्रजी, फवारणीच्या औषधाच्या बाटलीवर इंग्रजी, विहिरीवरच्या स्टार्टरच्या पेटीवर इंग्रजी, पोरांच्या टी-शर्टवर तर छातीभर इंग्रजी. पण या गावात कोणी कोणाशी इंग्रजीत बोलत नाही, कारण तशी वेळच येत नाही. मराठीत सगळं भागतं, आणि ते भागावंच. अशा गावातल्या सातवीच्या मुलाला मी सांगते की ‘आय लिव्ह इन अ स्मॉल व्हिलेज’ असं म्हण. त्यानं ते म्हणायचं कोणाला? शेजारच्या बाकावरचा मुलगा त्याच गावात राहतो. मला तर त्याचं घर, गोठा, आजीचे गुडघे, सगळं माहीत आहे. ज्याला ठाऊक नाही असं माणूसच समोर नसेल, तर ते वाक्य जाणार कुठे?

नाशिक जिल्ह्याच्या कोरड्या पट्ट्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी सहावी ते आठवीला इंग्रजी शिकवते. शिकवता शिकवता माझं एक मत पक्कं होत गेलं: आपल्या मुलांचं इंग्रजी शब्दांवाचून किंवा व्याकरणावाचून जेवढं अडतं, त्याहून जास्त ते ऐकणाऱ्यावाचून अडतं. आणि मोबाइलवरच्या ज्या माध्यमांना आपण उठता-बसता नावं ठेवतो, त्यांनीच हा ऐकणारा आमच्या वर्गाला मिळवून दिला. हे कसं झालं ते जरा सविस्तर सांगावंसं वाटतं.

महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं 2000 साली. म्हणजे आठवीतल्या मुलाच्या कानावरून ही भाषा आठवं वर्ष जात असते. ग्रामीण मुलांचं शिक्षण तपासणाऱ्या ‘असर’ या संस्थेच्या 2023 च्या पाहणीत 26 राज्यांतल्या 28 ग्रामीण जिल्ह्यांतली 14 ते 18 वयाची मुलं तपासली होती. त्यातल्या 57.3 टक्के मुलांना साधी इंग्रजी वाक्यं वाचता आली, आणि वाचणाऱ्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश मुलांना त्यांचा अर्थ सांगता आला. वाचणं आणि अर्थ सांगणं, एवढंच त्या चाचणीत होतं. बोलण्याचं काय, हे आम्ही शिक्षक रोज बघतो. ‘व्हॉट इज युवर नेम’ला आख्खा वर्ग एका सुरात उत्तर देतो, आणि ‘काल संध्याकाळी काय केलंस’ असं इंग्रजीत विचारलं की तोच वर्ग वहीत डोकं घालतो.

त्याच संस्थेच्या 2024 च्या अहवालात आणखी एक आकडा आहे. ग्रामीण भागातल्या 14 ते 16 वयाच्या 82 टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. मागच्या आठवड्यात अभ्यासाच्या काही कामासाठी तो वापरला असं त्यातल्या 57 टक्क्यांनी सांगितलं, आणि सोशल मीडियासाठी वापरला असं 76 टक्क्यांनी. हा आकडा आमच्या शिक्षण परिषदेत वाचला गेला तेव्हा सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली. मला मात्र त्यात एक दार दिसलं. मुलं जिथे एकमेकांशी बोलायला आपणहून जातात, ती जागा भाषेच्या शिक्षकानं सोडून कशी चालेल?

तसं पाहिलं तर व्हॉट्सअ‍ॅप शाळेत आधीच शिरलं होतं. 2020 च्या एप्रिलपासून राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची अभ्यासमाला रोज पालकांच्या ग्रुपवर यायची, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात व्हॉट्सअ‍ॅपवरून प्रश्न सोडवायचा ‘स्वाध्याय’ उपक्रम सुरू झाला. त्या काळात या गोष्टींनी शाळेची आणि घराची गाठ सुटू दिली नाही. पण सगळी वाहतूक वरून खाली होती. लिंक यायची, पीडीएफ यायची, मुलानं उघडायची. शाळा परत भरल्या आणि ग्रुपचा सूचना फलक झाला: उद्या सुट्टी, आधार अपडेट करा, शिष्यवृत्तीला बँक पासबुकाची झेरॉक्स आणा. मुलाचा आवाज त्या ग्रुपवर कधीच ऐकू आला नाही. खरं म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर आवाज पाठवायची सोय 2013 पासून आहे. माइकचं ते छोटं चिन्ह तिथेच होतं, सगळ्यांच्या अंगठ्याखाली.

मी मुलांना त्या माइककडे वळवलं. आठवड्यातून एक प्रश्न, अर्ध्या मिनिटाचं उत्तर, लिहून नाही तर बोलून. प्रश्न पुस्तकातला नसतो. तुमच्या घरात सगळ्यात आधी कोण उठतं? तुमच्या गाईचा स्वभाव कसा आहे? बाजाराच्या दिवशी तुम्ही काय आणलंत? उत्तर ग्रुपवर टाकायचं नाही, थेट माझ्या नंबरवर पाठवायचं. घरात एकच फोन, तोही वडिलांचा, आणि वडील शेतातून किंवा ड्युटीवरून घरी येतात रात्री आठला. म्हणून वेळेची अट नाही. व्हिडिओ कॉलवर भरणारा तास अशा घरांना कधीच मानवला नसता. व्हॉइस मेसेज मानवला, कारण तो फोनची वाट बघू शकतो.

यात एक साधं गणित आहे, ते शिक्षकांना लगेच कळेल. चाळीस मुलांचा वर्ग, पस्तीस मिनिटांचा तास. मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही तरी प्रत्येकाच्या वाट्याला बोलायला एक मिनिटसुद्धा येत नाही. रात्री मात्र प्रत्येकाचं अर्धं मिनिट धरलं तर वीस मिनिटांत आख्खा वर्ग माझ्या कानांखालून जातो. शेवटच्या बाकावरचा, कधीच हात वर न करणारा मुलगासुद्धा.

एका मुलीचं सांगते. वर्गात ती इतकी हळू बोलायची की हजेरीलाही शेजारणीला तिच्यासाठी ‘प्रेझेंट मॅडम’ म्हणावं लागायचं. तिचा पहिला मेसेज आला तो रात्री साडेनऊच्या सुमारास. आधी मोटारीची घरघर, मग लांब श्वास, मग ती. ‘माय मदर गेट अप फर्स्ट. शी मिल्क द काऊ.’ मध्येच आईचा आवाज: “अगं, जरा मोठ्यानं बोल, मॅडमला ऐकू जाईल का?” आणि मग तीच दोन वाक्यं, या वेळी खणखणीत. शेवटी तिनं एक वाक्य जोडलं होतं, ‘शी इज नॉट टेक टी बिफोर दॅट.’ धार काढल्याशिवाय आई चहाही घेत नाही, हे तिला सांगायचं होतं. या वाक्याचं व्याकरण नीट करता येतं. पण ते तिला मनापासून कोणाला तरी सांगावंसं वाटलं, ते मी व्याकरणाच्या जोरावर घडवू शकले नसते.

दुसऱ्या दिवशी तिनं मला सांगितलं की पाठवायच्या आधी तिनं कितीतरी वेळा रेकॉर्ड केलं आणि पुसलं. मला हे फार मोलाचं वाटतं. वर्गात तोंडातून गेलेलं वाक्य परत घेता येत नाही, हसणारे हसून मोकळे होतात. इथे मूल बोलतं, स्वतःचं ऐकतं, नापसंत करतं, पुन्हा बोलतं. आपल्या व्हॉलीबॉलमधला ‘व्ह’ आणि वॉटरमधला ‘व’ एकसारखाच निघतोय, हे त्याला स्वतःच्या कानांनी कळतं. मराठीत आपण प्रत्येक अक्षराला जवळजवळ सारखं वजन देतो. इंग्रजी शब्दात एका अक्षरावर जोर असतो आणि बाकीची मागे सरतात. हे फळ्यावर समजावून सांगताना माझा घसा बसायचा. आता मी तोच शब्द माझ्या आवाजात परत पाठवते आणि मूल दोन्ही आवाज लागोपाठ ऐकतं.

उत्तर देताना मी चूक दाखवत नाही. एका मुलानं पाठवलं, ‘यस्टर्डे आय अ‍ॅम गो नाशिक विथ माय अंकल.’ माझं उत्तर: ‘ओह, यू वेंट टू नाशिक यस्टर्डे! डिड यू गो बाय बस?’ त्याचं परत आलं: ‘नो मॅडम, आय वेंट बाय पिकअप. ओनियन पिकअप.’ बरोबर रूप त्याच्या तोंडात बसलं ते बोलण्याच्या ओघात, नियमाची वाट न बघता. नियम मी नंतर सांगते, वर्गात, सगळ्यांच्या रेकॉर्डिंगमधली अशी पाच-सहा वाक्यं फळ्यावर लिहून, नावं न घेता. फोनवर आलेलं बोलणं वर्गात आणलं नाही तर त्याचा अभ्यास होत नाही. ते कान टवकारून ऐकायचं काम सगळ्या वर्गानं मिळूनच करावं लागतं.

आता अडचणी. ज्यांच्या घरी फोन नाही ती मुलं मधल्या सुट्टीत माझ्या फोनवर बोलतात, चिंचेखाली. हा प्रश्न सुटायला सोपा आहे. मुलींचा प्रश्न जास्त खोल आहे. 2023 च्या त्याच पाहणीत, फोन वापरता येणाऱ्या 14 ते 18 च्या मुलग्यांपैकी 43.7 टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी 19.8 टक्क्यांकडे. घरात भाऊ असेल तर फोन आधी भावाकडे जातो. मुलगी फोन घेऊन कोपऱ्यात बोलत बसली की घरात भुवया उंचावतात. म्हणून मी पालक सभेत आयांना सांगितलं की मुलगी रेकॉर्ड करत असेल तेव्हा तुम्ही शेजारी बसा, ऐका, वाटलं तर तुम्हीही बोला. काही आयांनी ते मनावर घेतलं. एका रेकॉर्डिंगच्या शेवटी एक आई ‘थँक यू मॅडम’ म्हणाली आणि लगेच पदराआड हसल्याचा आवाज आला. त्या दिवसापासून त्या घरात मुलीच्या हातातल्या फोनला कोणी अडवलं नाही.

दुसरी गोष्ट सुरक्षिततेची, आणि यात मी अजिबात सूट देत नाही. पालकांच्या मोठ्या ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो, म्हणून मुलांचे आवाज तिथे कधीच जात नाहीत. व्हॉट्सअ‍ॅप वापरायला किमान 13 वर्षांचं वय लागतं. माझी सहावी-सातवीची बरीच मुलं त्याहून लहान आहेत, तेव्हा खातं पालकांचं आणि संमतीही पालकांची. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं तर 18 वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती मागितलीच आहे. मुलांचे चेहरे टाकून शाळेचं कौतुक करून घेणारे व्हिडिओ मला पटत नाहीत. पाठ केलेलं इंग्रजी भाषण कॅमेऱ्यासमोर घडाघडा म्हणणारं मूल बघून लोक वाहवा करतात, पण त्या मुलाला मधेच थांबवून एक साधा प्रश्न विचारला तर त्याचं काय होतं, हे मी पाहिलं आहे. ‘रोज वापरायची वाक्यं’ शिकवणाऱ्या रील्सचंही तेच. वाक्यं चांगली असतात, पण ती कोणाला म्हणायची हे रील सांगत नाही.

लिहिण्याच्या बाजूनं एक गंमत दिसली. पुस्तकातलं इंग्रजी वाक्य अडखळत वाचणारी मुलं मित्राला मराठी मेसेज मात्र इंग्रजी अक्षरांत धडाधड टाइप करतात. म्हणजे अक्षर आणि ध्वनी यांची जोडी त्यांच्या बोटांत आहेच. तोच हिशेब लावून ती ‘स्कूल’ लिहितात एस-के-यू-एल. मी आता तिथूनच सुरुवात करते. ‘कुठे’ तू कसं टाइप करतोस? मग ‘कूल’ कसं लिहितात, आणि तिथे दोन ओ का आले? कच्च्या समजल्या जाणाऱ्या मुलांना या तासाला सगळ्यात जास्त बोलायचं असतं, कारण इथे त्यांना काहीतरी आधीपासून येत असतं.

शिक्षकाचं काय? इंग्रजी बोलायची भीती आम्हालाही असते, आणि ऐकणारा आम्हालाही हवा असतो. राज्य शासन, ब्रिटिश कौन्सिल आणि टाटा ट्रस्ट्स यांनी 2016 पासून ‘तेजस’ नावाचा कार्यक्रम चालवला. त्यात प्राथमिक शाळांत इंग्रजी शिकवणारे आसपासचे शिक्षक ठरावीक दिवशी एकत्र जमायचे आणि मधल्या काळात फोनवरच्या ग्रुपवर आपले अनुभव टाकायचे. या रचनेत मला पटलेली गोष्ट म्हणजे वरून कोणी तज्ज्ञ येऊन भाषण देण्यापेक्षा पलीकडच्या केंद्रातल्या बाईंचा तुटक इंग्रजीतला अनुभव जास्त धीर देतो. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेचे रणजितसिंह डिसले यांना 2020 चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, तेव्हा सगळीकडे चर्चा झाली ती त्यांनी पाठ्यपुस्तकांत आणलेल्या क्यूआर कोडची. मला त्यांचा ‘लेट्स क्रॉस द बॉर्डर्स’ हा उपक्रम अधिक जवळचा वाटतो. त्यात भारत-पाकिस्तानसारख्या ताणलेल्या संबंधांच्या देशांतली मुलं एकमेकांशी जोडली गेली. तिथे इंग्रजीला काम होतं. दुसऱ्या कोणत्या भाषेत ती मुलं बोलणार होती?

हेच काम मला माझ्या वर्गासाठी हवं होतं. मला ते मिळालं केरळात. एका ऑनलाइन प्रशिक्षणात कुट्टनाड भागातल्या एका शिक्षिकेशी ओळख झाली. तिची मुलं मल्याळम माध्यमातली, माझी मराठी. ना त्यांना आमची भाषा येते, ना आम्हाला त्यांची. आम्ही दोघींनी ठरवलं की मुलांचे आवाज आमच्या दोघींच्या फोनवरूनच जातील-येतील, मुलांचे नंबर आणि आडनावं कोणालाच कळणार नाहीत, आणि ऐकायचं वर्गात, सगळ्यांनी मिळून, स्पीकर लावून.

पहिल्याच प्रश्नाला आमचा वर्ग चक्रावला. आम्ही विचारलं होतं, शाळेत कसे येता? त्यांचं उत्तर आलं, ‘बाय बोट.’ माझ्या मुलांना वाटलं, ‘बस’ म्हटलं असेल, म्हणून तीन वेळा लावलं. बोटच होती. कुट्टनाडची भातशेती समुद्रसपाटीच्याही खाली आहे, बांध घालून आणि आतलं पाणी उपसून ती करावी लागते, आणि कितीतरी घरांच्या दारात रस्त्याऐवजी कालवा असतो. आमच्याकडे एप्रिलमध्ये टँकरची वाट बघतात. एक मुलगा उभा राहिला आणि मराठीत म्हणाला, “मॅडम, शेतातलं पाणी बाहेर काढून टाकतात?” त्याच्या आवाजात जवळजवळ राग होता. मी म्हटलं, विचार त्यांना. त्यानं विचारलं: ‘व्हाय यू थ्रो वॉटर? वी हॅव नो वॉटर.’ या प्रश्नाला तिकडून आलेलं उत्तर दीड मिनिटाचं होतं. ते समजायला आम्हाला दोन तास लागले, आणि वर्गातलं एकही मूल कंटाळलं नाही.

मग त्यांनी विचारलं, तुम्ही कांदा काढल्यावर ठेवता कुठे? सगळा वर्ग एका दमात ओरडला, “चाळीत!” आणि पुढे गप्प. चाळ कशी सांगायची? ती तर घरामागे रोज उभी असते, तिच्याबद्दल कोणी कोणाला कधी सांगायची वेळच आली नव्हती. त्या दिवशी मी शब्दकोश काढला नाही. मुलांनीच गट करून जुळवाजुळव केली. ‘इट इज अ लाँग हाऊस फॉर ओनियन्स. नो वॉल. ओन्ली बांबू अँड गॅप. विंड कम्स फ्रॉम हिअर अँड गोज फ्रॉम देअर.’ उन्हाळ कांदा किती महिने टिकतो, भाव नसेल तर थांबायचं, भाव आला तर लासलगावला न्यायचा, हेही त्यांना सांगायचं होतं. ‘टिकणं’, ‘सडणं’, ‘भाव पडणं’ यासाठी लागणारे शब्द त्यांनी माझ्याकडून अक्षरशः ओढून घेतले. एकानं ‘रॉटन’ हा शब्द ऐकला आणि त्याच तासात चार वेगळ्या वाक्यांत वापरला. चाळीतला सडका कांदा निवडायला तो दर रविवारी बसतो, तेव्हा हा शब्द त्याच्या हातातलाच होता.

‘हॅज’ आणि ‘हॅव’ची पूर्ण वर्तमानकाळी रूपं मी वर्षानुवर्षं तक्ते लावून शिकवली. ती पक्की झाली पावसामुळे. केरळात मोसमी पाऊस साधारण 1 जूनला पोहोचतो, आपल्याकडे त्यानंतर आठ-दहा दिवसांनी, आणि आमच्या पट्ट्यात त्याचा भरवसा आणखी कमी. आमची शाळा तेव्हा सुट्टीवर असते, पण फोनला सुट्टी नसते. जूनच्या पहिल्या आठवड्यात तिकडून आवाज आला, मागे कौलांवर धो धो पाऊस: ‘द रेन हॅज कम! हॅज इट कम टू यू?’ माझ्या फोनवर मुलांची उत्तरं येऊ लागली. ‘नो, इट हॅज नॉट कम.’ दोन दिवसांनी परत, ‘स्टिल इट हॅज नॉट कम.’ मग एका संध्याकाळी एकामागून एक मेसेज, सगळ्यांच्या मागे वारा आणि माणसांची पळापळ: ‘मॅडम, टेल देम, इट हॅज कम!’

ही देवाणघेवाण सोपी नाही. रेंज जाते, आमच्या आणि त्यांच्या परीक्षा वेगवेगळ्या वेळी येतात, कधी पंधरा-पंधरा दिवस उत्तर येत नाही आणि मुलं हिरमुसतात. त्यांचे उच्चार आम्हाला कळत नाहीत, आमचे त्यांना. पण लंडनच्या उच्चारांपेक्षा हे उच्चार समजून घेणं माझ्या मुलांना आयुष्यात जास्त उपयोगी पडणार आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. उद्या पुण्याच्या कारखान्यात किंवा बंगळूरच्या गोदामात शेजारी उभा राहणारा माणूस केरळचा, तामिळनाडूचा, बिहारचाच असणार.

यंदा त्यांनी नेहरू ट्रॉफीच्या नौका शर्यतीबद्दल सांगितलं. एका बोटीत शंभराच्या आसपास वल्हवणारे असतात हे ऐकून आमच्या मुलांनी आपल्या पोळ्यातले बैल मोजायला सुरुवात केली. पोळ्याचं रेकॉर्डिंग तयार आहे. त्याआधी त्यांचा एक प्रश्न बाकी आहे. आमच्याकडे पाणी नसतं हे त्यांना अजून नीटसं पटलेलं नाही, म्हणून त्यांनी विचारलंय: ‘हाऊ डीप इज युवर वेल? कॅन यू सी द वॉटर?’ आठवीच्या मुलांनी रविवारी जाऊन मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली गावाच्या विहिरीत दोर सोडला, ओला भाग आणि कोरडा भाग वेगळा मोजला, फुटांचे मीटर केले. आकडे फळ्यावर लिहून ठेवलेत. रेकॉर्डिंग कोणी करायचं यावरून मात्र वर्गात दोन दिवस भांडण चालू आहे, आणि त्या हळू बोलणाऱ्या मुलीचं म्हणणं आहे की दोर तिनं धरला होता, तेव्हा बोलायचं तिनंच.